चुणी कुठे पडते ते बघा: घरच्यांसाठी तंबू घेताना आणि ठोकताना

"चार लोग आराम से सो जाएँगे, दीदी, और बच्चा तो कहीं भी घुस जाएगा," असं म्हणत दुकानदाराने तंबूची गोल पिशवी काउंटरवर ठेवली आणि मी ती घेतली. इंदूरला सुदामा नगरात मी वीस वर्षं शिवणाचं दुकान चालवते. मीटरभर अस्तर घेतानासुद्धा चार वेळा उलटसुलट करून बघते. पण हा साडेतीन हजारांचा तंबू मी एकही शिवण न तपासता घरी आणला.

त्याच ऑक्टोबरात चोरलच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतावर आम्ही पाच जण त्यात झोपलो. झोपलो कसले, नुसते आडवे झालो. सासूबाईंचा गुडघा यांच्या पाठीत, धाकट्याचे पाय माझ्या तोंडावर, आणि पहाटे चारला छतातून टप टप पाणी. चेन उघडून बाहेर बघितलं तर आकाश स्वच्छ, चांदण्या लखलखत होत्या. पाऊस नव्हताच. ते पाणी आमच्याच श्वासाचं होतं, हे मला पुढे कळलं.

तो तंबू आता गच्चीवर कुंड्यांचं खत झाकायच्या कामी येतो. दुसरा घेतला त्याला सहा वर्षं झाली. आता ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका विचारतात, "तुम्ही कुठला घेतला? कसा लावता?" प्रत्येकीला माप घेता घेता सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आकडा माणसांचा नसतो, चटयांचा असतो

तंबूवर "४ जणांचा" लिहिलेलं असतं, तेव्हा त्यात चार अरुंद चटया एकमेकींना चिकटून मावतात एवढाच त्याचा अर्थ. एका चटईला साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. आपली घरची सिंगल गादी तीन फुटांची असते. शिवाय बॅगा, पाण्याची कॅन, चपला आणि सासूबाईंची औषधांची पिशवी कुठे जाणार? म्हणून माणसं मोजा आणि वर दोन धरा. चौघांना सहाचा. पाच-सहा असाल तर एकच प्रचंड तंबू घेण्याऐवजी दोन घ्या. मोठ्याला मोठी सपाट जागा लागते आणि वाऱ्यात तो आवरत नाही. आमच्याकडे सहाचा एक आणि दोनचा एक असे दोन आहेत. मोठ्यात आम्ही दोघं, धाकटा आणि सासूबाई. छोटा थोरलीचा; पंधरावं लागल्यापासून तिला स्वतःची खोली हवी असते, रानातसुद्धा. दोन्हींची दारं समोरासमोर ठेवतो, मधे कंदील.

उंचीचं माझं माप सोपं आहे: आत उभं राहून साडी नेसता आली पाहिजे. मधोमध १८० सेंटिमीटरच्या वर असेल तर नेसता येते. तरुण मुलं रांगत आत जातील, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला रांगायला लावलं तर ती दुसऱ्यांदा येणार नाही. मात्र उंच तंबू वारा जास्त खातो. उभ्या भिंतींचे, खोलीसारखे दिसणारे तंबू आत ऐसपैस असतात, पण उघड्या माळावर शिडासारखे फुगतात. घुमटाचा आकार, दोन-तीन दांडे एकमेकांवरून गेलेले, हा घरगुती वापराला सगळ्यात बरा. तो मेखा न ठोकताही उभा राहतो, त्यामुळे उचलून दोन हात बाजूला सरकवता येतो. बोगद्यासारखे लांबट तंबू मेखांशिवाय उभेच राहत नाहीत. आपल्याकडे खाली कधी खडक निघेल याचा नेम नाही, म्हणून मी ते टाळते. फेकला की आपोआप उघडणारे मुलांना फार आवडतात. उघडतात एका सेकंदात, परत पिशवीत घालायला अर्धा तास आणि दोन माणसं.

आता शिवण

इथे मी जरा रेंगाळणार, कारण हे माझं क्षेत्र आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तंबूला अस्तर हवं. आतला जाळीदार किंवा पातळ कापडाचा तंबू वेगळा आणि त्यावर टाकायचं पावसाचं कापड वेगळं. दुकानदार त्याला रेनफ्लाय म्हणतात. दोघांत चार बोटं हवा खेळली पाहिजे. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागून पाणी होते. दोन थर असले तर हे पाणी बाहेरच्या कापडाला आतून चिकटतं आणि कडेने ओघळून जमिनीत जातं. एकच थर असला तर तेच पाणी तुमच्या कपाळावर. आमचा पहिला तंबू एकेरी होता.

दुसरी म्हणजे शिवणीवरची पट्टी. विचार करा, मशीनवर मी इंचाला आठ-नऊ टाके घालते. तंबूत वीस मीटर शिवण धरली तरी सात हजारांच्या आसपास भोकं होतात. कापड कितीही जलरोधक असलं तरी सुई त्याला चाळणी करते. म्हणून पावसाच्या कापडाच्या आतून प्रत्येक शिवणीवर गरम करून चिकटवलेली पारदर्शक पट्टी असली पाहिजे. दुकानात कापड उलटं करा, बोट फिरवा. पट्टी गुळगुळीत लागते, नखाने कोपरा उचलला जात असेल तर तंबू परत ठेवा. शिवणही बघा. एका कापडाची कड दुसऱ्यात दुमडून दोन टिपा मारलेली चपटी शिवण हवी, ती ताण सहन करते. जीन्सच्या पायाला आतून असते तशी. नुसती दोन कापडं जोडून एकच टीप मारली असेल, तर पहिल्या सोसाट्यात कोपरा उसवणार.

कोपऱ्यांवर, दोरी बांधायच्या जागी आणि चेनच्या दोन्ही टोकांना जादा कापड लावून टीप फिरवून मारलेली आहे का, तेही बघायचं. आपण पिशवीच्या बंदाला चौकोन करून आत फुली मारतो तशी. सगळा ओढा तिथेच येतो.

कापडावर दोन आकडे लिहिलेले असतात. मिलिमीटरमधला आकडा पाण्याचा आहे. १५०० म्हणजे कापडावर दीड मीटर उंचीची पाण्याची नळी उभी केली तरी ते पाणी आत येऊ देत नाही. वरच्या कापडाला १५०० ते २००० असलं तर सरीला पुरतं. जमिनीच्या कापडाला जास्त हवं, ३००० तरी, कारण गुडघा टेकला की सगळं वजन एका जागी दाबतं आणि ओल्या मातीतलं पाणी वर येतं. दुसरा आकडा डेनिअरचा, म्हणजे धाग्याच्या जाडीचा: ९ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. वरचं कापड ७०-७५ आणि जमिनीचं १५० असलं तरी घरच्या वापराला चालतं. पॉलिएस्टर की नायलॉन? पॉलिएस्टर. नायलॉन हलकं असतं, पण ओलं झालं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या आवळाव्या लागतात. आपल्याकडच्या उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं.

माझं माहेर ग्वाल्हेरचं, लष्करातलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तिथे छावणी टाकली, राजधानी केली, आणि त्या छावणीचंच शहर झालं. नावही लष्करच राहिलं. आमचे लोक उत्तरेत आले ते राहुट्या आणि डेरे घेऊन, सगळं सुती कापड. सुती राहुटीची गंमत अशी की पाणी लागलं की दोरा फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजतं. म्हणून नवी सुती राहुटी आधी एकदा भिजवून वाळवायची असते. आणि पावसात तिला आतून हात लावायचा नाही. बोट लागलं की तिथून गळायला लागते. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला ही विद्या येत नाही, म्हणून त्याला पट्टी. अशा घराण्यातली मी, आणि पहिल्या रात्री मला साधी मेख ठोकता आली नव्हती.

चेन शेवटी. रनर दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यावरून वळवून दहा वेळा ओढून बघा. कोपऱ्यावर कापड खात असेल तर घरी रोज खाईल. बाकी ठीक असून नुसती जड चालत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासली की काम होतं.

दांडे फायबरचे असतात किंवा ॲल्युमिनियमचे. फायबरचे स्वस्त आणि जड, जुने झाले की उभे चिरतात आणि त्यांच्या कुसळ्या बोटात शिरतात, त्यामुळे चिरलेला दांडा उघड्या हाताने धरू नका. ॲल्युमिनियमचे महाग, पण वाकले तरी चालवून घेता येतात. गाडीतून नेणार असाल तर जाडसर फायबरचे चालतात. आमचे तेच आहेत. सोबत दांड्याहून किंचित मोठ्या व्यासाची, वीतभर लांब धातूची नळी ठेवा. दांडा मोडला की ती वर सरकवून चिकटपट्टी लावायची.

आधी गच्चीवर

नवा तंबू थेट रानात नेऊ नका. गच्चीवर किंवा कॉलनीच्या बागेत एकदा उभा करा. गच्चीवर मेखा जात नाहीत, तिथे पाण्याने भरलेले डबे बांधा. मग मुलांना आत बसवा आणि बाहेरून झारीने, बादलीने भरपूर पाणी ओता. आतले ओरडतील तिथे खडूने खूण करा. वाळल्यावर त्या शिवणीला शिवणबंद करायचं मलम लावा, ऑनलाइन मिळतं. आमच्याकडे ही परीक्षा मे महिन्यात झाली. मुलांनी चार वेळा "इथेही गळतंय" म्हणून खोटं सांगितलं, अजून पाणी मिळावं म्हणून.

घरातले लोक तंबूत झोपतील की नाही, हीच शंका असेल तर आधी विकतच घेऊ नका. इंदिरा सागरच्या पाण्यावर हनुवंतियाला २०१६ पासून जलमहोत्सव भरतो, तेव्हा तिथे तयार तंबूंची वसाहतच असते. तिथे पलंग, दिवा, न्हाणीघर सगळं मिळतं, म्हणजे ती तशी हॉटेलची खोलीच. पण कापडाच्या भिंतीआड रात्रीचे आवाज ऐकत आपल्या माणसांना झोप लागते का, एवढं नक्की कळतं. आमच्या एका नणंदेला लागली नाही. तिचे पैसे वाचले.

जागा

मालव्यात तंबूचे दिवस ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्यात काळी माती चिखल होऊन गाडीसकट माणसाला धरून ठेवते, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ वाजता तंबूचा तवा होतो. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. कुटुंब घेऊन जाताना ओळखीच्यांचं शेत सगळ्यात उत्तम. चोरल, सिमरोल, मानपूर या बाजूला कुणाचा ना कुणाचा मामा निघतोच.

जागेवर पोचल्यावर पहिल्यांदा पाण्याची वाट बघा. कोरड्या नाल्यात वाळू मऊ असते, सपाट असते, आणि म्हणूनच तिथे झोपायचा मोह होतो. तिथे कधीच नाही. नर्मदेच्या काठी तर धरणाखालच्या भागात अजिबात नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या मेळ्यासाठी लोक काठावर उतरले होते. वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि पन्नासहून जास्त माणसं वाहून गेली. आभाळ कोरडं असतानाही नदी चढते. आमच्या घरात नर्मदेला गेलं की तंबू वरच्या शेतात आणि नदीवर फक्त दिवसा अंघोळीला, एवढाच नियम आहे.

अगदी खोलगट जागाही नको. गार हवा जड असते, रात्री ती उताराने खाली येऊन खळग्यात साठते. आमची पहिली रात्र अशाच वाटीसारख्या शेतात गेली, म्हणून श्वासाच्या वाफेचं इतकं पाणी झालं. उलट अगदी माथ्यावर वारा. महूजवळच्या जानापाव डोंगराच्या पायथ्याला आम्ही एकदा उघड्या टेपाडावर तंबू लावला होता. रात्रभर कापडाची फडफड ऐकत सासूबाईंनी दोनदा विष्णुसहस्रनाम म्हटलं. मधल्या उतारावर, झुडपांच्या किंवा बांधाच्या आडोशाला, थोडीशी उंच सपाटी शोधा.

झाड असेल तर वर बघा. सुकी फांदी नको, आणि आग्या मोहळ तर मुळीच नको. खाली चुलीचा धूर गेला की त्या माश्या माणसाला धावत ठेवतात. झाड तंबूच्या पूर्वेला थोडं लांब असलं तर सकाळी नऊपर्यंत सावली मिळते. बरोबर खराटा न्या. मी तर खराटा विसरले तर इंदूरातल्या कैट भागाच्या पेट्रोल पंपावरून परत फिरेन. बाभळीचा एक काटा तीन हजार मिलिमीटरवाल्या कापडाला ऐकत नाही.

झाडून झालं की सगळ्यांनी त्या जागेवर नुसतंच आडवं व्हायचं, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी. दगड कुठे टोचतो, डोकं कुठे खाली जातं, ते डोळ्यांना दिसत नाही, पाठीला कळतं. थोडा उतार असला तर डोकं वरच्या बाजूला.

ठोकणं

सूर्य मावळायच्या दोन तास आधी पोचा. बॅटरीच्या उजेडात तंबू लावताना आमच्या घरात जी भांडणं झाली आहेत ती इथे लिहीत नाही.

खाली जुनं फ्लेक्सचं बॅनर अंथरा. इंदूरला त्याची कमतरता नाही, निवडणूक संपली की ढीग मिळतात. मात्र ते तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून वीतभर लहान हवं. बाहेर डोकावलं तर वरून ओघळणारं पाणी त्यावर जमतं आणि सरळ तुमच्या खाली येतं. मोठं असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडा. आमच्या बॅनरवरचा उमेदवार हरला होता, पण सहा वर्षं आमच्या पाठीशी भक्कम आहे.

मग आतला तंबू पसरा, दार वाऱ्याकडे पाठ करून. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे आधी मेखेने धरा, नाहीतर कापड उडून शेजारच्या गव्हात जाईल. दांडे जोडा आणि खोळीतून ढकला, ओढू नका. दांडा म्हणजे आतून रबरी दोरी ओवलेले तुकडे; ओढलं की सांधा खोळीच्या आत सुटतो आणि मग तासभर चाचपत बसा. सलवारीत नाडी घालताना आपण पिन ढकलतो ना, तसंच. दोन माणसांनी दोन टोकं धरून एकदमच वाकवायचं. एकट्याने केलं की मधेच मोडतो.

पावसाचं कापड टाकलं की मेखा ठोकण्यापूर्वी सगळ्या चेना बंद करा. हे कुणी सांगत नाही. दार उघडं ठेवून कोपरे ताणले की कापड फाकतं, आणि रात्री चेन लावायला गेलं की लागत नाही. जोर केला की दात जातात. पाठीच्या हुकांचं ब्लाउज हुक लावूनच मापाला बघतात, तसं.

कोपरे कोनाकोनी ठोका: एक पुढचा डावा, मग मागचा उजवा. शेजारी शेजारी ठोकत गेलात तर सगळा ताण एका बाजूला सरकतो. आणि आता चार पावलं मागे जाऊन बघा. इथे शिवणारणीची नजर कामी येते. चुणी म्हणजे कापडाची तक्रार असते आणि ती बोट दाखवून सांगते. ब्लाउजला काखेतून छातीकडे चुणी गेली तर काखेत ताण आहे. तंबूतही एखाद्या कोपऱ्यातून तिरकी चुणी वर चढली, तर तो कोपरा जास्त ओढला आहे. तो सैल करा, समोरचा आवळू नका. नवी माणसं उलट करतात, सगळंच आवळत सुटतात आणि शिवण उसवतात. चुणी नसून मधे झोळ पडला असेल तर तिथली दोरी बाहेर ओढायची. झोळात पाणी साठतं, आणि साठलेलं पाणी शिवण शोधून काढतं. कापड ढोलकीसारखं कडक नको, बोटाने दाबलं तर दबून परत वर यावं एवढंच.

मेखांचं गणित जमिनीवर आहे. तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या मेखा पहिल्या दगडालाच वाकतात. लोहाराकडून सळईच्या वीत-दीड वीत लांबीच्या, वरून वळवलेल्या मेखा करून घ्या. आमच्या चौदा आहेत. मेखेचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं ठेवायचं आणि जवळजवळ पूर्ण आत घालायची. मालव्याची काळी माती दिवाळीपर्यंत ओलसर असते, तेव्हा मेख लोण्यासारखी जाते आणि तशीच बाहेर येते. तिथे एका जागी दोन मेखा, थोड्या फाकवून, किंवा वर जड दगड. जानेवारीनंतर तीच माती दगड होते आणि तिला भेगा पडतात. भेगेजवळ मेख धरत नाही. शिवाय त्या भेगांमध्ये विंचू राहतात, त्यांची गोष्ट पुढे. मुरुमात मेख उत्तम बसते. आणि जिथे दोन इंचांखाली काळा पाषाण लागतो, जो विंध्यावर कुठेही लागतो, तिथे मेखेचा नाद सोडा. दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. वाळूत पिशवी वाळूने भरून, तिला दोरी बांधून ती आडवी पुरायची.

बाहेरच्या दोऱ्या सगळ्या लावा, वारा नसला तरी. आमच्या चोरलच्या त्या रात्री त्या पिशवीतच राहिल्या होत्या. दोरी तिरपी, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. सरकती गाठ शिकून घ्या, प्लास्टिकचे रनर तुटतात. दोरी मेखेभोवती फिरवून परत आणा, ताणलेल्या दोरीवर फासाच्या आतून दोन वेढे, मग फासाच्या बाहेर एक वेढा आणि आवळा. हाताने सरकते, ताणाने सरकत नाही. प्रत्येक दोरीला पांढऱ्या किंवा भगव्या कातरणीची चिंधी बांधा. आमच्या दुकानात चिंध्यांना तोटा नाही, तुम्ही जुनी ओढणी फाडा. रात्री लघवीला उठलेला माणूस त्या दोरीतच अडकतो.

रात्र

डिसेंबर-जानेवारीत मालव्याची रात्र ७-८ अंशांवर सहज येते. माणसं अंगावर पांघरुणं घेतात आणि खालून गारठतात. हवा भरायची गादी मऊ असते, पण तिच्यातली हवा रात्री गार होते. सगळ्यात खाली फोमची चटई, वर सतरंजी, मग जुन्या सुती साड्यांची गोधडी. वर एक तर खाली दोन, असं माझं प्रमाण.

कितीही थंडी असली तरी वरचे झरोके उघडे ठेवा, नाहीतर सकाळी तंबूत पाऊस. आतल्या बाजूला सगळीकडे सारखं दमट असेल तर तो श्वास आहे. एखाद्या शिवणीच्या रेषेतच थेंब असतील तर ती गळती आहे. आणि सिगडी, शेगडी, कोळसे तंबूच्या आत कधीही न्यायचे नाहीत. निखारा विझत आला असला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "आमच्या वाड्यात तर रात्रभर असायची." वाड्याच्या कौलांतून चांदणं दिसायचं, तंबूतून दिसत नाही.

आतल्या तंबूची चेन खालपर्यंत लावणं ही सवय लष्करी शिस्तीने पाळा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा चावा दुखतही नाही. माणसाला पत्ता लागत नाही. शिवलेला तळ आणि बंद चेन असलेला तंबू उघड्यावर झोपण्यापेक्षा या बाबतीत खूपच सुरक्षित आहे, पण चेन बंद असेल तरच. खाण्याचे डबे गाडीत, तंबूत नाही. शेवेच्या पुड्यावर उंदीर येतो आणि उंदरामागे साप. सकाळी बूट उलटे करून झटका, मगच पाय घाला. विंचवाला रात्रीपुरता तोच फ्लॅट आवडतो. कुणाला काही चावलंच तर बांधाबांधी, चिरणं, चोखणं यात वेळ घालवू नका. तो अवयव हलवू नका आणि सरळ मोठ्या दवाखान्याची वाट धरा. म्हणून जागा ठरवतानाच जवळचं मोठं रुग्णालय कुठे आहे ते बघून ठेवतो.

काढणं आणि ठेवणं

पोहे खाऊन झाल्यावर घाई करू नका. सामान बाहेर काढून तंबू उलटा करा, तळ उन्हात वाळू द्या. मेख निघत नसेल तर दुसरी मेख तिच्या आकड्यात अडकवून पिळत ओढा. कापडाचा बंद धरून ओढलात तर बंद हातात येईल. दांडे टोकापासून नाही, मधून घडी घालत या, म्हणजे आतल्या रबराला सारखा ताण राहतो.

घरी आल्यावर कितीही कंटाळा आला तरी त्याच दिवशी गच्चीवर दोरीवर टाका. दमट तंबू पिशवीत राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत, आणि आतलं कोटिंग चिकट होऊन सोलपटायला लागतं. साबणाची पावडर नको, मशीन तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा. वाळवायलाही सावली बरी.

घडी घालताना दर वेळी वेगळ्या जागी घाला. पैठणी किंवा जरीची महेश्वरी वर्षातून दोनदा घडी मोडून ठेवतो, कारण एकाच घडीवर जर तुटते. तंबूचं कोटिंगही तसंच घडीवर तडकतं. मी तर पिशवीत कोंबायच्या ऐवजी जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून कपाटावर ठेवते. सोबत एका डब्यात जाड सुई, पॉलिएस्टरचा दोरा, चिकटपट्टी, मेणबत्ती, धातूची नळी आणि दोन जादा दोऱ्या.

हल्ली कॉलनीतले लोक तंबू मागून नेतात. देते. नेताना मेखा त्यांच्यासमोर मोजते, परत आल्यावर पुन्हा मोजून घेते. मागच्या महिन्यात तेराच आल्या, चौदावी त्यांच्या डिकीत स्टेपनीखाली सापडली.